सांभाळणाऱ्याचं नाव

सून : पाय अजून वर घ्या. टाच बसली नाही.

सासू : बसली गं. किती ओढशील? चामडं निघेल.

सून : घट्टच असायला हवेत हे मोजे. सैल राहिले तर घालून न घातल्यासारखे, डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय. बोटांपाशी चुणी राहिलीय का?

सासू : नाही.

सून : नक्की?

सासू : नाही म्हटलं ना! मला काय धाड भरलीय?

सून : हे. हे वाक्य आज तोंडातून बाहेर काढायचं नाही.

सासू : कोणतं?

सून : "मला काय धाड भरलीय." मागच्या वेळी विम्याच्या ऑफिसातून तपासणीला माणूस आला, त्यानं काहीही विचारलं तरी तुमचं एकच पालुपद. आणि वर उठून चहा केलात.

सासू : दारात आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही?

सून : विचारायचा. करायचा मी. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुम्ही गॅसजवळ फिरकला नव्हतात, आणि नेमकं त्याच दिवशी डाव्या हातानं पातेलं उचललंत. मनगट भाजलं ते बाहीत लपवलंत, रात्री कपडे बदलताना मला दिसलं. त्यानं काय लिहिलं माहितेय? "स्वतः चहा करतात."

सासू : चांगला झाला होता. त्यानं परत मागून घेतला.

सून : मागून घेतला, मिशा पुसल्या आणि कळवलं की या बाईंना मदतीची गरज नाही.

सासू : मग चांगलंच लिहिलं की माझ्याबद्दल.

सून : आई, मला हसवू नका. मी गंभीरपणे बोलतेय. आपण हरकत घेतली म्हणून आज दुसऱ्या बाई येतायत. परत परत नाही येत कोणी. आज जे लिहितील ते कायमचं.

सासू : बरं. मी काय सांगू म्हणतेस?

सून : खरं.

सासू : खरंच तर सांगितलं होतं.

सून : अंघोळ स्वतः करते म्हणालात.

सासू : मग काय सांगणार! बरोबर भाषांतर करायला आणलेला तो पोरगा, माझा नातू शोभेल एवढा. त्याच्यासमोर सांगू, मला न्हाऊ कोण घालतं आणि पुसतं कोण ते?

सून : म्हणून या वेळी बाई मागितल्यात मी. दुभाषी म्हणूनही बाईच येणार आहे. आता लाजायचं कारण नाही.

सासू : बाईसमोर काय लाज नसते?

सून : आणि ते दुसरं. "सांभाळतं कोण" विचारलं तर "माझा मुलगा" म्हणालात.

सासू : मुलगा नाही का माझा तो?

सून : आहे. सोमवारी पहाटे ट्रक घेऊन निघतो, शनिवारी दुपारी येतो. मधल्या दिवसांत तुम्हाला कोण उठवतं, हवा उठवते?

सासू : अगं, परक्या माणसासमोर मुलाचंच नाव घेतात. घरात एकाचं काय नि दुसऱ्याचं काय. एकच ना सगळं?

सून : घरात एकच. या देशाच्या कायद्यात एक नाही. तुम्हाला किती वेळा सांगितलं. पगारातून दर महिन्याला विमा कापतात. घरात कोणी असं परावलंबी झालं की त्यातून मदत मिळते. सकाळी एक बाई येईल, मला पूर्ण पाळीला जाता येईल. आणि घरचा जो माणूस सांभाळतो ना, त्याच्या नावावर पेन्शनची वर्षं धरतात. नोकरी केल्यासारखी.

सासू : घरच्या माणसाचं करायचं आणि त्याची पेन्शन! काय एकेक काढतात.

सून : काढलंय खरं. पण फॉर्ममध्ये सांभाळणाऱ्याच्या रकान्यात ज्याचं नाव, त्यालाच. तुमच्या मुलाचा पेन्शनचा भरणा चालूच आहे, त्याला याची गरज नाही. मी लाँड्रीतलं काम अर्ध्या पाळीवर आणलं. चादरींच्या घड्या घालायच्या यंत्राला दोन टोकांना दोघी लागतात, माझ्या टोकाला दुपारनंतर दुसरीच उभी असते. तिकडे शाळेत शिकवलं ती वर्षं इकडे कुणी मोजत नाही. मग म्हातारपणी माझ्या हातात काय?

सासू : नवरा आहे ना तुला.

सून : नवऱ्याचं नवऱ्याकडे. मी माझं विचारतेय.

सासू : तुझं म्हणजे… बेल वाजली बघ.

सून : उठू नका! बसा. आई, बसा म्हणतेय ना. मी उघडते.

दुभाषी : नमस्कार. मी दुभाषी, विम्याच्या ऑफिसनं पाठवलंय. तपासणीच्या बाई खाली गाडीला जागा शोधतायत. मी बसनं आले, म्हणून जरा आधी पोचले.

सून : या ना, या. चप्पल राहू द्या.

सासू : ये गं बाई, बस. आपल्या भाषेतलं माणूस दारात आलं की बरं वाटतं. इथं लिफ्टमध्ये सगळे नुसते मान हलवतात. चहा घेशील?

दुभाषी : नको आजी. आम्हाला काही घ्यायची परवानगी नाही. पाणी चालेल.

सासू : चहालासुद्धा परवानगी लागते? बरं, पाणी दे गं तिला. तू मूळची कुठली? घरी कोण कोण असतं?

दुभाषी : आजी, तेही सांगता येत नाही. घरच्या गप्पा मारायला मनाई आहे.

सासू : मुलं किती, एवढं तरी?

दुभाषी : नाही हो.

सासू : नाहीत, की सांगता येत नाही?

दुभाषी : सांगता येत नाही. रागावू नका. मी कुणाच्या बाजूची नाही, असं दिसायला हवं. आणखी एक नियम आहे, तो आधीच सांगते, नंतर गैरसमज नको. बाई आत आल्या की या खोलीत जे काही बोललं जाईल ते सगळं मी दुसऱ्या भाषेत सांगणार. तुमचं त्यांना, त्यांचं तुम्हाला. दोघी आपसांत कुजबुजलात तरी. मधलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

सासू : कुजबूज पण?

दुभाषी : ऐकू आली तर तीपण.

सासू : बाई गं. मग तोंडाला कुलूपच लावायला पाहिजे.

सून : कुलूप नको, आई. तुम्ही बोलायला हवंय आज.

सासू : ही बघ, सकाळपासून माझी शिकवणी घेतेय. शाळेत शिकवायची ना, खोड जात नाही. मला शिकवते आजारपण कसं सांगायचं ते. अगं, मी आख्खं आजारपण काढलंय माझ्या सासूचं! अंथरुणाला खिळली होती ती. ना यंत्र, ना असले मोजे. धुणं, पुसणं, भरवणं, सगळं माझ्या या दोन हातांनी. तेव्हा दोन्ही चालायचे.

दुभाषी : हं.

सासू : आणि भेटायला कोणी आलं की म्हातारी काय म्हणायची? "माझा लेक फार करतो हो माझं." लेक बाहेर पेपर वाचत बसलेला! आणि मी तिचं भांडं हातात घेऊन दारात उभी. पाहुणे माझ्याकडे बघायचे ते वाट सोडावी म्हणून. असा संताप यायचा! वाटायचं, ते भांडं तिथंच आपटावं आणि जावं निघून. गेली बिचारी, तिला नावं ठेवू नयेत. पण तिनं एकदा तरी म्हणायचं होतं. एकदा.

सून : …आई.

सासू : काय?

सून : काही नाही. बेल वाजली. मी बघते.

दुभाषी : आजी, या तपासणीच्या बाई. त्या म्हणतात, नमस्कार, घरात घेतलंत त्याबद्दल आभार. खुर्चीवर बसू का, असं विचारतात.

सासू : बस म्हणावं. विचारायचं काय त्यात? (अगं, केवढीशी आहे ही, काडी नुसती. घरी खायला घालत नाहीत का हिला?)

सून : आई!

दुभाषी : बाई म्हणतात, घालतात, पण आज सकाळी घाईत काही खाल्लं नाही.

सासू : अगं बाई, तू सांगितलंस तिला?

दुभाषी : नियम, आजी.

सासू : माफ कर म्हणावं. मी वाईट अर्थानं नाही म्हटलं. हिला बिस्किटं दे गं काढून.

दुभाषी : बाई म्हणतात, राग नाही आला. बिस्किटं नकोत. आता त्या विचारायला सुरुवात करतात. उत्तर आजींनीच द्यायचं आहे, सूनबाईंनी मध्ये बोलू नये, त्यांना शेवटी वेळ मिळेल. आधीच्या अहवालात असं आहे की तुम्ही स्वतः चहा करता. आज करून दाखवाल का?

सासू : आज?

दुभाषी : आत्ता.

सासू : आत्ता… नको. आत्ताच झालाय आमचा.

दुभाषी : झाला असेल तरी चालेल म्हणतात. नुसतं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलंत तरी पुरे.

सासू : पातेलं का, करते की. म्हणजे करीन, नंतर.

दुभाषी : बाई म्हणतात, ठीक आहे. सकाळी पलंगावरून उठता कशा?

सासू : सगळे उठतात तशीच.

दुभाषी : कोणाचा हात लागतो का?

सासू : घरात माणसं आहेत, लागतो कोणाचा तरी.

दुभाषी : कोणाचा, असं विचारतात.

सासू : असतो… घरचाच.

दुभाषी : अंघोळ कोण घालतं?

सासू : मी करते माझी.

दुभाषी : पाठ, केस?

सासू : ते मुलगा बघतो. म्हणजे सगळं तोच बघतो. फार जीव आहे त्याचा माझ्यावर. लिहा तसं.

सून : आई, मुलगा तुमचे केस धुतो?

दुभाषी : बाई म्हणतात, सूनबाई, कृपा करून मध्ये बोलू नका. आजींचं ऐकायचंय त्यांना.

सून : ऐका मग! मीपण तेच ऐकतेय. शेवटचे केस कधी धुतले त्यानं तुमचे? तेल कोणतं लावता ते तरी माहितेय का त्याला?

सासू : अगं, हळू बोल. लोकांसमोर तमाशा करू नकोस.

सून : लोक त्यासाठीच आलेत, आई! तमाशा बघायलाच आलेत. रोजचा तमाशा कसा चालतो ते लिहून घ्यायला.

सासू : तुला कळत नाही. गप्प बस म्हणते ना! घात करशील.

[दुभाषी दोघींच्या बोलण्याखाली सगळं हळू आवाजात, न थांबता, तपासणीच्या बाईंना सांगत राहते.]

सून : कसला घात? माझा घात झालाय तो बघा आधी. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी या ताईंना काय सांगत होतात? भांडं घेऊन दारात उभी होते म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतं म्हणून. मी कुठे उभी आहे, आई? सांगा ना. मी कुठे उभी आहे?

सासू : ते वेगळं होतं.

सून : काय वेगळं? भांडं वेगळं होतं?

सासू : अगं, त्यानं सही केलीय!

सून : कुणी?

सासू : तुझ्या नवऱ्यानं. मला इकडे आणलं तेव्हा. त्या ऑफिसात, काचेच्या पलीकडे तो अधिकारी बसला होता, त्याच्यासमोर. "आईला मी सांभाळीन, तिचा भार सरकारवर पडू देणार नाही." मी शेजारीच उभी होते. वाचून दाखवलं होतं त्यानं मला. आता मी सांगू की तो नाही सांभाळत? दुसरीच सांभाळते, आणि वर सरकारकडून मदत पाहिजे? मग म्हणतील, सही खोटी केलीस. त्याचे कागद काढून घेतील, नाहीतर मला परत पाठवतील. आणि परत कुठे जाऊ मी? घर विकलं. दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी आहे आता. कोण आहे तिकडे माझं?

सून : …म्हणून?

सासू : मग कशासाठी! मला काय तुझं नाव घ्यायला तोंड दुखतं?

सून : एवढे दिवस हे मनात धरून बसला होतात?

सासू : तुला सांगून काय करू? तुला काय कमी काळज्या आहेत? तो बिचारा ट्रकमध्ये झोपतो, तू त्या वाफेत उभी असतेस. त्यात मी आणि आणखी… ए ताई. तू अजून बोलतेयस. तू हे सगळं सांगितलंस की काय तिला?

दुभाषी : सगळं, आजी.

सासू : सहीचंपण?

दुभाषी : सहीचंपण.

सासू : झालं. संपलं. घर बुडवलं मी.

दुभाषी : थांबा, बाई बोलतायत. त्या म्हणतात, आजी, तो कागद वेगळ्या खात्याचा आहे. परक्या देशातून वडीलधाऱ्यांना आणताना अशी सही सगळ्यांचीच घेतात. तिची मुदत ठरलेली असते आणि तुमची केव्हाच संपली. तुमचं स्वतःचं राहण्याचं कार्ड झालंय, ते या फाइलमध्ये आहे, त्यांनी आत्ता उघडून पाहिलं. तुम्हाला कोणी परत पाठवणार नाही.

सासू : या बाईंना त्या खात्यातून कोणी विचारलं तर?

दुभाषी : बाई म्हणतात, कोणी विचारणार नाही. आणि हा विमा म्हणजे सरकारनं घातलेली भीक नाही. तुमच्या मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या पगारातून कापलेलाच आहे. भार कुणाचाच कुणावर नाही.

सासू : दोघांच्या?

दुभाषी : दोघांच्या.

सासू : तू पदरचं तर नाही ना घालत? मला बरं वाटावं म्हणून?

दुभाषी : आजी, माझी नोकरी जाईल.

सासू : हं. …पाणी दे गं. नको, तू नको उठूस, बस जरा. माझ्यामुळे सकाळपासून उभीच आहेस.

सून : मी ठीक आहे.

सासू : हो, तुलापण काही धाड भरलेली नसते.

दुभाषी : बाई म्हणतात, हवं तर त्या दुसऱ्या दिवशी येतील.

सासू : कशाला दुसऱ्या दिवशी? बिचारीला परत गाडी लावायला जागा शोधावी लागेल. विचार म्हणावं. पहिल्यापासून विचार.

दुभाषी : चहा करून दाखवाल का?

सासू : नाही.

दुभाषी : नाही म्हणजे…

सासू : नाही जमत. हा उजवा हात मिटत नाही. बघ, हा एवढाच. मागच्या वेळी डाव्या हातानं केला आणि भाजून घेतलं, तो डाग अजून आहे. पाहुणी दारात आलीय आणि मी खुर्चीत बसून आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय. तेही लिही म्हणावं.

दुभाषी : लिहितायत. सकाळी उठता कशा?

सासू : ही उठवते. आधी पाय खाली सोडते, मग जरा वेळ तशीच बसवून ठेवते, नाहीतर मला गरगरतं. तेवढ्या वेळात तिचं तोंड धुऊन होतं. मग खांद्याखाली हात घालून उभी करते. "एक, दोन" म्हणते, "तीन" कधी म्हणत नाही, दोनलाच उचलते.

सून : तीन म्हटलं की तुम्ही अंग आखडता.

सासू : मी तक्रार करत नाहीये. सांगतेय.

दुभाषी : अंघोळ?

सासू : हीच. पाठ, केस, पायाची बोटं, सगळं. पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघते. माझ्याकडे न बघता घालते अंघोळ, भिंतीकडे बघत बोलत राहते, लाँड्रीतल्या गोष्टी सांगते. मला लाज वाटू नये म्हणून. तिला वाटतं मला कळत नाही.

सून : आई, एवढं नको.

सासू : का नको? सकाळपासून खरं सांगा, खरं सांगा चाललंय ना तुझं? आता ऐक. ताई, लिहायला सांग. मला न उठवता माझ्याखालची चादर बदलते ही. इकडून गुंडाळते, मला कुशीवर वळवते, तिकडून ओढते. चादरीचंच काम करते ना, हात बसलाय. रात्री मी ओलं केलं तर सकाळी कुणाला वासही येत नाही. आणि हे मोजे हिवाळ्यात हीटरवर ठेवते, गार लागू नयेत म्हणून. माझ्या खोलीचं दार उघडं ठेवते रात्री, आणि तिच्या खोलीचंपण. मी कूस बदलली की तिकडे पलंग वाजतो. म्हणजे ती जागी झाली. मग मी कूस बदलत नाही.

दुभाषी : बाई विचारतात, सूनबाईंना विश्रांती कधी मिळते?

सासू : बाथरूममध्ये. नळ सोडून रडते तिथं. रोज नाही. अंघोळीचा नळ वेगळा वाजतो. बादलीत पडतो, अंगावर पडतो, आवाज बदलत राहतो. हा नुसता सरळ वाहतो. मी ऐकत बसते. उठून जाता तर येत नाही.

दुभाषी : माफ करा. आजी, शेवटचं एकदा परत सांगाल? माझं एक वाक्य राहिलं.

सासू : म्हटलं, मला उठून जाता येत नाही. आलं असतं तर गेले असते.

दुभाषी : …सांगितलं.

सासू : रडण्याचंपण लिहितात का?

दुभाषी : बाई म्हणतात, त्याला रकाना नाही. पण त्या खाली, मोकळ्या जागेत लिहितायत.

सासू : मोकळी जागा आहे ना, मग मुलाचंपण लिही म्हणावं. तो वाईट नाही. शनिवारी येतो, जोडे काढायच्या आधी माझ्याजवळ येऊन बसतो. पाय दाबतो, जुनी गाणी लावतो, मला हसवतो. रविवारी जेवायला मला टेबलापाशी नेतो. पण मोजे त्याला चढवता येत नाहीत. अर्ध्यावर अडकतात आणि तो घाबरतो.

दुभाषी : बाई विचारतात, मग सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात काय लिहू?

सासू : ही. माझी सून. हिचं नाव, हिच्या माहेरच्या नावासकट हवं तर. शाळेत शिकवायची हेही लिही.

दुभाषी : त्याची गरज नाही म्हणतात.

सासू : गरज नसू दे. आणि लिहून झालं की वाच.

दुभाषी : वाचते. "सांभाळणारी व्यक्ती : सून. रोज, दिवसा आणि रात्री. इतर मदत : मुलगा, आठवड्याच्या शेवटी."

सासू : बरोबर आहे. सूनबाई, तुला आता बोलायची वेळ देणार होत्या त्या. बोल ना.

सून : मला काही बोलायचं नाही. त्यांनी लिहिलंय तेवढं पुरे.

दुभाषी : बाई उठतायत. निकाल काय तो टपालानं कळेल, त्या आज सांगू शकत नाहीत. पण रकान्यातलं नाव आता बदलणार नाही, तेवढं सांगा म्हणतात. आणि त्या म्हणतात, आजी, बसूनच राहा.

सासू : बसलेच आहे. ये म्हणावं परत, नुसती बसायला. आणि सकाळी काहीतरी खात जा म्हणावं.

दुभाषी : सांगितलं. खाईन म्हणतात. …येते मी, आजी. येते, ताई.

सून : दारापर्यंत येते.

सासू : गेल्या?

सून : गेल्या. लिफ्टपाशी ती दुभाषी थांबली होती. मागे वळून म्हणाली, "दोन मुली." आणि गेली.

सासू : बघ! सांगितलं शेवटी. बाई खाली गेल्यावर म्हणाली ना?

सून : लिफ्टचं दार लागल्यावर.

सासू : शहाणी आहे. …तू अशी का उभी आहेस?

सून : नळाचं कशाला सांगितलंत?

सासू : राग आला?

सून : लाज वाटली.

सासू : मला नाही वाटली होय? सगळ्या शरीराचं सांगितलं मी आज परक्या बाईला. म्हटलं, आता माझी एवढी गेलीच आहे, तर तुझीपण थोडी जाऊ दे. फिटंफाट.

सून : तुम्ही ना, कमाल आहात.

सासू : आता तो शनिवारी आला की त्याला मी सांगेन. रकान्यात त्याचं नाव नाही, का नाही, ते. तू नको सांगूस. माझ्याकडून ऐकलं तर तो चिडणार नाही. चिडला तर गाणी लावायला सांगेन.

सून : चहा टाकते. मी टाकते, तुम्ही नाही.

सासू : टाक. पण आधी इकडे ये. खाली बस जरा, पायापाशी.

सून : का? काय झालं?

सासू : डाव्या मोज्याला बोटांपाशी चुणी पडलीय. सकाळपासून टोचतेय.

सून : सकाळी विचारलं तर नाही म्हणालात!

सासू : म्हणाले होते. आता सांगतेय ना. काढ, हळू.